‘संपलं’ सांगताना ‘रन आउट’ कसं वापरायचं

मार्च उलटला की मराठवाड्यात ‘पाणी संपलं’ घरोघरी ऐकू येतं. हेच इंग्रजीत सांगायचं झालं की बरेच जण ‘वॉटर इज फिनिश’ म्हणून मोकळे होतात. तिथे ‘रन आउट’ हवं.

आधी कर्ता ठरवा. माणूस कर्ता असेल तर संपलेल्या वस्तूच्या नावाआधी ‘ऑफ’ लागतंच: ‘वी हॅव रन आउट ऑफ वॉटर’. वस्तू कर्ता असेल तर ‘ऑफ’ नको: ‘द वॉटर हॅज रन आउट’. अर्थ एकच. मराठीत पाणीच संपतं, आपण नाही. त्यामुळे पहिली रचना जिभेवर लवकर बसत नाही. सराव तिचाच जास्त करा.

मग काळ बघा. रूपं अशी: रन, रॅन, रन. म्हणून ‘हॅव रॅन आउट’ चूक. गॅस संपलाय, दुसरी टाकी अजून आली नाही: ‘वी हॅव रन आउट ऑफ गॅस’. काल संपला: ‘वी रॅन आउट ऑफ गॅस यस्टरडे’. कडबा संपत आलाय, पण थोडा शिल्लक आहे: ‘वी आर रनिंग आउट ऑफ फॉडर’. गाव किंवा शहरही कर्ता होतं. एप्रिल २०१६मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, तेव्हाची स्थिती ‘लातूर वॉज रनिंग आउट ऑफ वॉटर’ या वाक्यात नेमकी बसते.

हमखास चूक होते ती क्रिकेटमुळे. ‘ही वॉज रन आउट’ बरोबर आहे, कारण त्याला दुसऱ्या कुणीतरी धावचीत केलेलं असतं. पाणी आपलं आपण संपतं, म्हणून ‘वॉटर वॉज रन आउट’ असं म्हणता येत नाही.

शिवाय प्रत्येक ‘संपणं’ म्हणजे ‘रन आउट’ नव्हे. वापरून सरणाऱ्या गोष्टींनाच ते लागतं: पेट्रोल, पैसा, वेळ, अगदी धीरसुद्धा. शाळा, परीक्षा संपली तर ‘इज ओव्हर’. विहीर किंवा बोअर आटला तर ‘हॅज रन ड्राय’. रन आउट होतं ते पाणी, विहीर नाही. मुदतीला मात्र चालतं: ‘माय लायसन्स रन्स आउट इन मे’.

‘ऑफ’च्या जागी ‘ऑन’ आलं की अर्थ पार बदलतो. ‘ही रॅन आउट ऑन हिज फॅमिली’ म्हणजे तो घरच्यांना वाऱ्यावर सोडून गेला.