आखडणाऱ्या घोड्यासाठी तबेल्यातली तयारी

रेसमधून काढलेला थरोब्रेड रायडिंगसाठी घ्यायचा ठरला आणि जुन्या ट्रेनरनं ‘याला टाय-अपची (कामात स्नायू आखडायची) सवय आहे’ असं सांगितलं, तर लगेच सौदा मोडायचं कारण नाही. पण घोडा फ्लोटमधून (घोडे नेणाऱ्या गाडीतून) उतरायच्या आधी दोन आठवडे हाताशी ठेवा. पुण्या-मुंबईच्या रेसकोर्सवरून बाहेर पडणारे घोडे थरोब्रेडच असतात. या जातीतल्या काही घोड्यांत कामाच्या वेळी स्नायू आवळतात ते नीट सैल पडत नाहीत. पुठ्ठे कडक होतात, घाम फुटतो, पावलं आखूड पडतात, घोडा जागचा हलत नाही. कल जन्मजात असतो, तो जात नाही. झटका मात्र बहुतेक वेळा तीन गोष्टी जुळल्या की येतो: भरपूर चंदी, एक-दोन दिवस बांधून ठेवणं आणि त्यानंतर पेटलेल्या घोड्याला लगाम आवळून धरत केलेलं काम. म्हणून खालची बरीचशी तयारी सुट्टीच्या दिवसाभोवती फिरते.

सौदा पक्का करतानाच लिहून घ्या: शेवटचा झटका कधी आला, त्याच्या आदल्या दिवशी काम झालं होतं का, रोजची चंदी किती किलो आणि कशाची, रक्ताचे सीके आणि एएसटीचे (स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणारी दोन एन्झाइम) रिपोर्ट आहेत का. तरुण आणि तापट माद्यांमध्ये हा त्रास जास्त दिसतो, त्यामुळे मादी असेल तर माजाच्या दिवसांशी झटक्यांचा मेळ बसतो का तेही विचारा. घोडा थरोब्रेड नसून क्वार्टर हॉर्स किंवा परदेशातून आणलेल्या जड जातीचा असेल, तर आजार वेगळा असू शकतो. त्यात स्नायूंत साखरेचा विचित्र साठा होतो. त्यामागचा जीवायएस-१ या जनुकातला बदल २००८ साली सापडला आणि मुळांसकट उपटलेल्या केसांवरून त्याची चाचणी होते. तिथं आहाराचे नियम इथल्यापेक्षा कडक असतात. थरोब्रेडमध्ये या चाचणीतून सहसा काही हाती लागत नाही. पैसे रक्तचाचणीसाठी ठेवा.

आता खरेदी. सगळ्यात आधी हुकाचा वजनकाटा घ्या, मग दुसरं काही. बहुतेक तबेल्यांत चंदी डब्यानं आणि गवत पेंढीनं मोजतात आणि घोळ तिथंच सुरू होतो, कारण एका पेंढीत आणि दुसरीत सहज किलोचा फरक असतो. घोड्याचं वजनही टेपनं काढा: छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग, गुणिले खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतची लांबी, भागिले ११,८८०. घेर १८० आणि लांबी १६५ आली तर घोडा ४५० किलोचा. पुढचे आकडे याच घोड्याचे धरा.

मध्यम कामाच्या अशा घोड्याला दिवसाला साधारण २० मेगाकॅलरी ऊर्जा लागते. स्टार्च आणि साखर मिळून तिचा पाचवा हिस्सा, म्हणजे दिवसाला एक किलोच्या आसपास, ही आपली कमाल मर्यादा. रेसकोर्सवरची चार किलो ओटची चंदी एकटीच पावणेदोन किलो स्टार्च देते. भिजवलेला हरभरा ‘ताकदीला’ म्हणून घालायची पद्धत आहे, पण त्यातही किलोमागे ४०० ग्रॅमच्या आसपास स्टार्च असतो. जव त्याहून वाईट. गूळ तर नकोच. रविवारी येणारी मंडळी खिशातून गूळ, साखर, बिस्किटं काढतात, त्यांच्यासाठी दारावर पाटी लावा. एखादं गाजर चालेल.

त्याऐवजी रोज: चांगलं वाळलेलं गवत साडेसहा किलो, वाळवलेली लसूणघास दीड किलो, तेल न काढलेला तांदळाचा कोंडा एक किलो आणि सोयाबीनचं किंवा दुसरं खाद्यतेल ३५० मिलिलिटर. तेलाच्या प्रत्येक १०० मिलिलिटरमागे ०.८ मेगाकॅलरी मिळते आणि त्यात स्टार्च शून्य. एकूण हिशेब २० मेगाकॅलरीच्या आसपास बसतो आणि त्यातला पाचवा हिस्सा चरबीतून येतो. ऊर्जा तेवढीच, पण स्टार्चऐवजी चरबीतून दिली की अशा घोड्यांचं कामानंतरचं सीके कमी चढतं, शिवाय घोडा थोडा शांतही होतो. काम हलकं असेल आणि घोडा अंगानं भरलेला असेल तर तेलाच्या फंदात पडू नका. चंदी बंद करून गवत पुरेसं दिलं की भागतं.

कोंडा घेताना नीट बघा. बाजारात पशुखाद्य म्हणून मिळणारा स्वस्त कोंडा बहुधा तेल काढून घेतलेला असतो. तो कोरडा, पावडरीसारखा लागतो आणि आपल्या कामाचा नाही. चांगला कोंडा मुठीत दाबला की थोडा धरून राहतो आणि हात तेलकट होतो. पण तो खवटही लवकर होतो. एका वेळी आठवड्यापुरताच आणा, पावसाळ्यात घट्ट झाकणाच्या पिंपात ठेवा, कडवट वास आला की टाकून द्या. किलोभर कोंड्यात फॉस्फरस पंधरा ग्रॅमच्या वर आणि कॅल्शियम जेमतेम एक ग्रॅम असतं. ही तूट काही अंशी लसूणघास भरून काढते, उरलेल्यासाठी खाण्यायोग्य चुनखडीची भुकटी ३० ग्रॅम घाला. हिरव्या चाऱ्यात नेपियर असेल तर ती चुकवूच नका, कारण नेपियरमधलं ऑक्झलेट कॅल्शियम अडवून धरतं.

गाई-म्हशींचं किंवा कोंबड्यांचं तयार खाद्य, अगदी उरलंसुरलं पोतंही, या तबेल्यात नको. त्यात मोनेन्सिन किंवा तत्सम औषध मिसळलेलं असू शकतं. गाईला ते पचतं. घोड्याच्या हृदयाचे आणि पायांचे स्नायू त्यानं थोड्या मात्रेतही मरतात. दिसायला हे आखडण्यासारखंच दिसतं, पण घोडा दगावतो.

रोज ३० ते ४० ग्रॅम साधं मीठ खाद्यात मिसळा. खूप घाम गेला त्या दिवशी डॉक्टरांनी सांगितलेले इलेक्ट्रोलाइट वेगळे, आणि ते देताना शेजारी साध्या पाण्याची बादली असायलाच हवी. तेल वाढलं की ई जीवनसत्त्वाची गरज वाढते: हिरवा चारा नसेल तर दिवसाला १,००० ते २,००० युनिट, शक्यतो नैसर्गिक स्वरूपातलं. सेलेनियम मात्र अंदाजानं नाही. गरज दिवसाला एक ते तीन मिलिग्रॅम, आणि गरज व विषबाधा यांच्यातलं अंतर कमी. मिनरल मिक्श्चरवर किती लिहिलंय ते वाचा आणि दोन-दोन टॉनिक एकत्र चालवू नका.

बदलाचा वेग दोन्हीकडे सारखा नसतो. चंदी पहिल्याच दिवशी निम्मी केली तरी बिघडत नाही, तोटा कमी करण्यात नसून वाढवण्यात आहे. नवं काही घालताना मात्र दमानं. तेल ५० मिलिलिटरपासून सुरू करून दर तीन दिवसांनी ५० वाढवा, म्हणजे तीन आठवड्यांत ३५० होईल. लीद पातळ किंवा चकचकीत दिसली तर एक पायरी खाली या आणि आठवडाभर तिथंच थांबा. काही घोडे तेलाला तोंड लावत नाहीत. कोंड्यात कालवून, थोडं पाणी शिंपडून दिलं तर बहुतेक खातात. जुन्या जागेचं आठ-दहा दिवसांचं गवत घोड्याबरोबरच मागवा.

जागा ठरवताना मोकळं सोडायची सोय आधी बघा, बॉक्सची शोभा नंतर. दिवसातले जितके तास घोडा पॅडॉकमध्ये (कुंपणाच्या मोकळ्या आवारात) हिंडेल तितकं बरं, आणि नजरेच्या टप्प्यात दुसरा घोडा असावा, कारण एकटा पडला की हा घोडा पेटतो. महाराष्ट्रात खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पॅडॉकचा चिखल होतो, सईस म्हणतो आज राहू दे, आणि तीन दिवस घोडा बांधलेला राहतो. त्यासाठी पावसाच्या आधीच वाळूचं रिंगण किंवा पत्र्याखालची वाट तयार ठेवा. तेही नसेल तर सकाळ-संध्याकाळ अर्धा-अर्धा तास हातानं चालवायला माणूस नेमा. चंदी आणि गवत वाटताना या घोड्याला पहिला नंबर द्या. शेजारी बादल्या वाजत असताना दारावर लाथा झाडत ताटकळत उभं राहणं त्याला परवडत नाही.

पहिला आठवडा खोगीर नको. नुसतं मोकळं सोडणं आणि हातानं चालवणं. दुसऱ्या आठवड्यात लाँजवर (लांब दोरीवर गोल फिरवत) पाच मिनिटं चाल आणि दुडकी, मग रोज एक-दोन मिनिटं वाढवत तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत अर्धा तास. स्वारी त्यानंतर. स्वारीच्या दिवशी पहिली पंधरा मिनिटं सैल लगामावर चाल, मग दोन ते पाच मिनिटांच्या दुडकीचे तुकडे, मध्ये पुन्हा चाल आणि मान खाली सोडून ताण काढू देणं. घोडा पुढं ओढतोय आणि स्वार त्याला मागं ओढतोय असं सलग चाललं तर स्वार बदला किंवा काम हलकं करा. दुसऱ्या घोड्यांच्या मागं कँटर करताना हे हमखास होतं. अशा घोड्याला कमी काम कधी बाधत नाही, खंड पडलेलं काम बाधतं.

तरी नाल निघते, नालबंद येत नाही, पाऊस थांबत नाही. उद्या काम नाही हे कळलं की त्याच संध्याकाळी कोंडा आणि तेल निम्मं करा, गवत तेवढंच ठेवा. काम पुन्हा सुरू होईल त्या दिवशी आधी पॅडॉक किंवा लाँज, मग खोगीर. हा नियम कागदावर लिहून चंदीच्या खोलीत लावा, कारण सईस बदलतात.

रक्त दोनदा तपासा. घोडा रुळल्यावर एकदा विश्रांतीत, मग पंधरा मिनिटांच्या दुडकीनंतर चार ते सहा तासांनी. सीके त्या वेळेत शिखरावर जातं, काम संपल्या संपल्या घेतलेलं रक्त काहीच सांगत नाही. सीके तिप्पट-चौपट चढलं तर बाहेरून घोडा ठीक दिसत असला तरी आतून आखडतोय. एएसटी उशिरा चढतं आणि आठवडा-दोन आठवडे रेंगाळतं. सीके उतरलं आणि एएसटी वर असेल तर झटका जुना आहे असं समजा.

झटका आलाच तर जिथं आहे तिथं थांबवा. ‘चालवलं की मोकळा होईल’ हा सल्ला पोटदुखीतून आलाय. इथं प्रत्येक पावलागणिक स्नायू आणखी फाटतात. खोगीर काढा, पाणी पुढं ठेवा, चंदी उचला, गवत राहू द्या, डॉक्टरांना फोन करा. तोपर्यंत नाडी मोजा (शांत घोड्याची मिनिटाला २८ ते ४४) आणि लघवीवर नजर ठेवा. ती कॉफीच्या रंगाची झाली तर स्नायूंतला रंगद्रव्याचा गाळ मूत्रपिंडातून जातोय आणि सलाईनची घाई आहे. कपाटातलं वेदनाशामक इंजेक्शन स्वतःहून टोचू नका. अंगात पाणी कमी असताना तेच औषध मूत्रपिंडाला धक्का देतं. एक-दोन दिवसांनी चालणं मोकळं झालं की घोडा लहान पॅडॉकमध्ये सोडा. स्वारी मात्र सीके खाली आल्याचा रिपोर्ट हातात आल्यावरच, आणि तीही लाँजच्या पाच मिनिटांपासून.