रेसिंग गेमसाठी फ्रेम रेट कसा ठरवावा

ताशी २१६ किलोमीटर वेगाने धावणारी गाडी सेकंदाला ६० मीटर अंतर कापते. फ्रेम रेट, म्हणजे खेळ सेकंदाला किती चित्रे (फ्रेम) तयार करतो तो आकडा, ३० असेल, तर एका फ्रेमपासून दुसऱ्या फ्रेमपर्यंत ती २ मीटर पुढे गेलेली असते. ६० ला हे अंतर १ मीटर आणि १२० ला अर्धा मीटर होते. वळणाआधी ब्रेक कोठे दाबायचा हे नजरेनेच ठरवावे लागत असल्याने हा फरक लॅप टाइममध्ये (ट्रॅकची एक फेरी पूर्ण करण्याच्या वेळेत) उतरतो. गाडीच्या हालचालीचे गणित मात्र बहुतेक सिम्युलेटरमध्ये स्वतंत्रपणे चालते (‘असेटो कोर्सा’मध्ये सेकंदाला ३३३ वेळा), त्यामुळे फ्रेम वाढल्याने गाडी वेगवान होत नाही, चालकाला रस्ता लवकर दिसतो एवढेच. २०१३ चा ‘नीड फॉर स्पीड: रायव्हल्स’ हा याला ठळक अपवाद होता, पीसीवर त्याची ३० फ्रेमची मर्यादा ६० केली की अख्खा खेळच दुप्पट वेगाने पळू लागे.

प्रथम मॉनिटरचा रिफ्रेश रेट (पडदा सेकंदाला किती वेळा चित्र बदलतो तो आकडा, हर्ट्झमध्ये) ऑपरेटिंग सिस्टिमच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये तपासावा, कारण १४४ हर्ट्झचा मॉनिटर ६० वरच चालत राहिल्याचे अनेकांच्या लक्षातही येत नाही.

त्यानंतर चाचणी घ्यावी, पण ती मोकळ्या ट्रॅकवर नव्हे. पाऊस, रात्र आणि सर्व प्रतिस्पर्धी असलेली शर्यत निवडून शेवटच्या स्थानावरून सुरुवात करावी आणि सरासरी फ्रेम रेटपेक्षा फ्रेम टाइमच्या (एक फ्रेम तयार व्हायला लागलेल्या वेळेच्या) आलेखाकडे लक्ष द्यावे. ६० फ्रेमना प्रत्येक फ्रेमला सुमारे १६.७ मिलिसेकंद मिळतात. आलेखात मधूनच ४० मिलिसेकंदांचा सुळका दिसला, तर सरासरी उत्तम असूनही नेमक्या त्या क्षणी स्टिअरिंगचा अंदाज चुकतो. माझ्या मते ९० ते १४० दरम्यान हेलकावणाऱ्या फ्रेम रेटपेक्षा ९० वर स्थिर असलेला केव्हाही चांगला.

सुळके दिसल्यास रिझोल्यूशन तात्पुरते कमी करून पाहावे. फ्रेम रेट वाढला, तर भार ग्राफिक्स कार्डावर आहे, म्हणून सावल्या, प्रतिबिंबे आणि गवत कमी करावे. तो जवळपास तेवढाच राहिला, तर बहुधा प्रोसेसर थकतो आहे, म्हणून प्रतिस्पर्ध्यांची संख्या घटवावी. आरशांचा दर्जा दोन्ही वेळा तपासावा, कारण आरशासाठी तेच दृश्य पुन्हा रेखाटावे लागते.

शेवटी, सर्वांत कठीण प्रसंगातही टिकेल अशा आकड्यावर फ्रेम रेटची मर्यादा घालावी. मॉनिटरला व्हेरिएबल रिफ्रेश रेटची (खेळाच्या फ्रेम रेटप्रमाणे पडद्याचा रिफ्रेश रेट बदलण्याची) सोय असल्यास ती सुरू करून मर्यादा कमाल रिफ्रेश रेटच्या दोन-तीन फ्रेम खाली ठेवावी. अशी सोय नसेल, तर व्ही-सिंकने (फ्रेम पडद्याच्या रिफ्रेशशी जुळवणाऱ्या सेटिंगने) चित्र फाटणे, म्हणजे दोन फ्रेमचे तुकडे एकाच वेळी दिसणे, थांबते, मात्र स्टिअरिंगचा प्रतिसाद किंचित उशिरा येतो. फ्रेम जनरेशनच्या आकड्यावर भुलू नये. मधल्या फ्रेम तयार करून ते चित्र गुळगुळीत करते, पण स्टिअरिंग आणि पडद्यामधला विलंब त्याने घटत नाही, उलट थोडा वाढतो. कन्सोलवर यांपैकी फारसे काही हाती नसते. तेथे परफॉर्मन्स मोड (चित्राच्या दर्जापेक्षा फ्रेम रेटला प्राधान्य देणारा पर्याय) निवडावा.