मॅट्रिक्स गेममध्ये आय-ट्रॅकर कसा वापरावा

आय-ट्रॅकर म्हणजे पडद्यावर नजर कुठे आहे ते टिपणारं यंत्र. मॅट्रिक्स गेम म्हणजे गुणांचा तक्ता: खेळाडू ओळ निवडतो, समोरचा रकाना, आणि दोघांच्या निवडी जुळतात त्या घरातले गुण दोघांना मिळतात. आय-ट्रॅकर चालू करण्याआधी कागद-पेन्सिल घ्या आणि गेमचे आकडे ठरवा. माझ्याकडे येणारे बहुतेक विद्यार्थी उलटं करतात. मग हाती झकास रंगीत हीटमॅप (नजर कुठे जास्त रेंगाळली त्याचे नकाशे) येतात, खेळाडू विचार कसा करतो याचं उत्तर मात्र येत नाही.

आकडे असे निवडा: खेळाडूचे गुण वरच्या ओळीत ८ आणि २, खालच्या ओळीत ३ आणि ५. समोरच्याचे, त्याच क्रमाने, ४ आणि ७, मग १ आणि ६. समोरच्याला काहीही झालं तरी उजवा रकानाच फायद्याचा. हे ओळखणारा खालची ओळ निवडेल. नुसती सरासरी बघणारा वरची. पण ‘वाईटात वाईट काय पदरात पडेल’ एवढंच बघणारा भित्रासुद्धा खालचीच निवडतो, कारण तिथे निदान ३ मिळतात, वर २. निवड तीच, डोकं वेगळं. समोरच्याची चाल ओळखणाऱ्याची नजर ४ वरून ७ वर, १ वरून ६ वर फिरते. भित्रा समोरच्याच्या आकड्यांकडे ढुंकूनही बघत नाही. यंत्राचा उपयोग इथे आहे.

म्हणून मोजायची ती नजरेची उडी, कुठून कुठे गेली ती. एखाद्या आकड्यावर एकूण किती वेळ गेला, यावरून फारसं कळत नाही.

उडी नीट ओळखता यावी तर आकडे लांब ठेवा. ६० सेंटीमीटरवरून बघताना नजरेच्या कोनाचा १ अंश म्हणजे पडद्यावर साधारण १ सेंटीमीटर. कॅलिब्रेशन (यंत्र त्या माणसाच्या डोळ्यांशी जुळवून घेणं) उत्तम झालं तरी अर्ध्या अंशाची चूक धरा. शिवाय शेजारचा आकडा डोळ्याच्या कडेनेही वाचला जातो. मी ४ सेंटीमीटरपेक्षा कमी अंतर ठेवत नाही. निम्म्या लोकांना ओळी-रकाने अदलाबदल करून दाखवा. वाचायच्या सवयीने नजर आधी वर डावीकडेच जाते. दोन गेमच्या मध्ये निकाल सांगू नका.

यंत्र नसेल तर माउसलॅब: आकडे झाकलेले, माउस नेला की उघडतात. संशोधक एरिक जॉन्सन, कॉलिन कॅमेरर आणि सहकाऱ्यांच्या २००२ मधल्या लेखात तीन फेऱ्यांचा सौदा होता: वाटणी नाकारली की पुढची फेरी, आणि वाटायची रक्कम ५ डॉलर, मग अडीच, मग सव्वा. प्रत्येक फेरीची रक्कम वेगळ्या झाकलेल्या चौकटीत. शेवटून मागे विचार करणाऱ्याने तिसरी चौकट आधी बघायला हवी. लोक पहिलीतच रेंगाळले, काहींनी पुढच्या उघडल्याच नाहीत. फक्त एक लक्षात ठेवा: चौकट उघडायला हात हलवावा लागतो, त्यामुळे लोक पुन्हा मागे वळून कमी बघतात. या मोजणीची आय-ट्रॅकरशी थेट तुलना करू नका.