पर्यावरणासाठीचे आपले रोजचे प्रयत्न पुरेसे आहेत का, हे कसे तपासावे

दिवे वेळेवर मालवणे, कापडी पिशवी वापरणे, कचरा वेगळा करणे एवढ्याने पृथ्वी वाचेल का, या प्रश्नाला सरसकट होकार किंवा नकार देण्याआधी आपल्या प्रत्येक प्रयत्नाचे वजन करून पाहावे.

त्यासाठी गेल्या वर्षभराची वीजबिले, भरलेल्या इंधनाची नोंद आणि केलेले विमानप्रवास एका कागदावर मांडावेत. एक लिटर पेट्रोल जळते तेव्हा सुमारे २.३ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, एवढे ठाऊक असले की इंधनाचा हिशेब सहज करता येतो. विजेच्या बाबतीत मात्र अंदाज हमखास चुकतात. फोन एकदा पूर्ण चार्ज होण्यास साधारण ०.०१५ युनिट पुरते, तर वीस लिटर पाणी २५ अंशांनी तापवण्यास जवळजवळ ०.६ युनिट, म्हणजे सुमारे चाळीस चार्जिंगइतकी वीज लागते. तरीही चार्जर काढून ठेवण्याबाबत काटेकोर असणारी माणसे गिझर खुशाल चालू ठेवतात, कारण जे डोळ्यांसमोर असते तेच मोठे वाटते.

हिशेब हाती आला की क्रम बदलावा. तापवणे, थंड करणे आणि प्रवास यांना आधी हात घालावा. त्याच्या जोडीला वाया जाणारे अन्न थांबवावे; जगातील हरितगृह वायूंच्या उत्सर्जनापैकी ८ ते १० टक्के उत्सर्जन नासाडी झालेल्या अन्नाशी निगडित आहे. पिशव्या आणि स्ट्रॉ यांमुळे कचरा कमी होतो, हे खरेच. पण तापमानवाढीच्या हिशेबात त्यांचा वाटा किरकोळ आहे.

आता मर्यादा पाहावी. २०२० मध्ये जगभर प्रवास ठप्प झाला, कोट्यवधी लोक घरात बसले, तरी त्या वर्षी कार्बन डायऑक्साइडचे उत्सर्जन जेमतेम ५ टक्क्यांच्या आसपास घटले, कारण औष्णिक वीजकेंद्रे, पोलादाच्या भट्ट्या आणि सिमेंटचे कारखाने चालूच होते. तापमानवाढ १.५ अंशांवर रोखायची तर हेच निव्वळ उत्सर्जन (हवेत सोडलेला वायू वजा हवेतून काढून घेतलेला) २०५० च्या सुमारास शून्यावर यावे लागते. तेव्हा केवळ घरगुती काटकसर पुरेशी नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. मात्र ती निरर्थकही नाही.

ओझोनच्या थराचे उदाहरण येथे उपयोगी पडते. हा थर विरळ करणाऱ्या क्लोरोफ्लुओरोकार्बन या वायूंचा धोका १९७४ मध्ये मांडला गेल्यावर अनेक ग्राहकांनी हे वायू असलेले फवाऱ्याचे डबे घेणे सोडले, पण शीतकपाटांपासून कारखान्यांपर्यंत पसरलेला त्या वायूंचा वापर आटोक्यात आला तो १९८७ च्या माँट्रियल करारानंतर, उत्पादनावरच बंधने आल्यामुळे. ग्राहकांच्या नाराजीने कायद्याला वाट करून दिली. मात्र कायद्याचे काम तिला एकटीला जमले नसते.

म्हणून आपल्या वेळेतील काही भाग निर्णय होतात त्या ठिकाणी खर्च करावा: कामाचे ठिकाण, मुलांची शाळा, राहत्या इमारतीची समिती, स्थानिक प्रशासन. एका वेळी एकच मागणी करावी आणि ती मोजता येईल अशी असावी, उदाहरणार्थ छतावर सौरपटल बसवणे किंवा ठरावीक मार्गावर बसफेऱ्या वाढवणे. अर्ज लेखी द्यावा, त्याला वीजबिलांचे किंवा प्रवाशांचे आकडे जोडावेत, शक्य तितक्या लोकांच्या सह्या घ्याव्यात आणि अंदाजपत्रक ठरण्यापूर्वी तो पोहोचेल अशी तजवीज करावी, कारण तरतूद एकदा मंजूर झाली की पुढचे वर्ष उजाडेपर्यंत बहुधा काही हलत नाही.