स्कॅन करायचाय? मग रोल बघून घ्या
कॅमेऱ्याचा ब्लॅक अँड व्हाइट फिल्म रोल स्कॅन करून इंकजेटवर प्रिंट काढणार असाल तर माझं मत इलफर्ड एक्सपी२ सुपरला. तो सी-४१ मध्ये, म्हणजे रंगीत रोलच्याच केमिकलमध्ये धुतात, त्यात शेवटी चांदी उरत नाही, डाय म्हणजे रंग उरतो, म्हणून स्कॅनरची इन्फ्रारेडवाली धूळसफाई त्यावर चालते, एचपी५ किंवा ट्राय-एक्स या चांदीवाल्या रोलना ती बंदच ठेवा, चांदी इन्फ्रारेड अडवते आणि फोटोच बिघडतो. गोव्यातल्या पावसाळ्यात निगेटिव्ह वाळेपर्यंत काय काय चिकटतं, सांगायला नको! एक्सपी२ हा ४०० आयएसओचा रोल २०० वर, म्हणजे दुप्पट प्रकाश देऊन, एक्स्पोज केलात तर ग्रेन म्हणजे फोटोतले दाणे बारीक येतात, पणजीच्या चर्चच्या पांढऱ्या भिंतीतले बारकावेही तो भर उन्हात सहसा सांभाळतो. चांदीवालाच हवा तर डेव्हलपिंग थोडं कमी करा, कॉन्ट्रास्ट नंतर कॉम्प्युटरवर वाढवता येतो.