फाल्गुनात कुत्र्याला घेऊन व्हॅनने चिखलदरा
पळस फुलला की निघायचं, चैत्राची वाट पाहू नका, कारण मार्च सरता सरता आपल्याकडं पारा 40 कडे जातो अन् कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो धापा टाकूनच थंड होतो. म्हणून परतवाड्याहून घाट चढायचा तर पहाटेच. बंद व्हॅनमध्ये एकटं सोडू नका, पाच मिनिटंसुद्धा नाही!! दुपारी आंब्याखाली थांबा, ओला दुपट्टा अंथरा, आमचा मोती त्यावर चारी पाय पसरून पोट टेकवून पडतो. डांबरावर उतरवायच्या आधी पालथा हात 7 सेकंद टेकवून पाहा, चटका बसला तर त्याचे पंजेही भाजतात. रात्री पट्टा सोडू नका, तिकडं बिबट आहे. व्याघ्र प्रकल्पाच्या सफारीत कुत्रा चालत नाही. संध्याकाळी कानात, बोटांच्या बेचक्यात गोचीड शोधा.