‘अ’ तुकडीतल्या मुलाचा अभ्यास उरकत नसेल तर

शाळेचा गृहपाठ, क्लासचा गृहपाठ आणि त्यावर शिष्यवृत्तीचे सराव संच. हुशार तुकडीत हे तिन्ही एकदम अंगावर येतं. मूल रात्री अकरापर्यंत वहीत डोकं घालून बसलेलं दिसलं की पालक आणखी एक क्लास लावतात. तो लावू नका. आधी वेळ जातो कुठे ते पाहा.

सोमवार ते शुक्रवार प्रत्येक कामापुढे सुरू केल्याची आणि संपल्याची वेळ मुलालाच लिहू द्या. बहुतेकदा दोन गोष्टी सापडतात. एक, नुसतं उतरवणं: प्रश्न पूर्ण लिहिणं, समासाच्या रेघा, रंगीत शीर्षकं. दुसरी, एखाद्या गणितावर अडून बसणं. यांचे उपाय वेगळे आहेत. उतरवणं जास्त असेल तर वेळांची ती नोंद घेऊन वर्गशिक्षकांना भेटा आणि नुसता प्रश्न क्रमांक लिहून उत्तर लिहिलं तर चालेल का, असं विचारा. मोघम तक्रारीपेक्षा नोंद दाखवली की बोलणं मुद्द्यावर राहतं. गणित अडत असेल तर दहा मिनिटांत सुटलं नाही की खूण करून पुढे जायचं, दुसऱ्या दिवशी बाईंना विचारायचं. उत्तर तुम्ही सांगून टाकलंत, तर कुठे अडलं ते बाईंना कळतच नाही.

शिष्यवृत्तीच्या एका पेपरात 75 प्रश्न आणि 90 मिनिटं असतात, म्हणजे प्रश्नाला सरासरी 72 सेकंद. तरी शाळेच्या दिवशी पूर्ण पेपर सोडवून घेऊ नका. दमलेलं मूल शेवटचे प्रश्न अंदाजाने सोडवतं आणि तीच सवय लागते. 25 प्रश्न, 30 मिनिटं पुरे. वेग तोच राहतो. मग 15 मिनिटं फक्त चुकांना द्या. प्रत्येक चुकीपुढे ‘समजलं नाही’, ‘घाई’ किंवा ‘वेळ संपला’ असं लिहायचं. खरी सुधारणा इथेच होते, आणि घरोघरी नेमकं हेच राहून जातं. ‘घाई’च्या चुका जास्त असतील तर नवा संच आणू नका, जुनाच पुन्हा द्या.

झोपेला हात लावू नका. बारा वर्षांपर्यंत किमान 9 तास, पुढे किमान 8. ठरल्या वेळी वही बंद. राहिलेल्या कामासाठी डायरीत चिठ्ठी द्या.

तीन आठवड्यांनंतरही फरक पडला नाही तर डोळे तपासून घ्या. फळ्यावरचं नीट न दिसणारं मूल शेजाऱ्याच्या वहीतून उतरवतं, त्यात शिकवणं ऐकायचं राहतं आणि तोच धडा घरी नव्याने समजून घ्यावा लागतो.